काउबचे अकरा सेंटिमीटर

मंगळवार, सकाळी सहा वाजून बारा मिनिटं. रॉटरडॅमच्या ऑफिसात शैलेंद्र एकटाच स्क्रीनसमोर बसला होता. जर्मनीतल्या काउब गावचं नदीच्या पाण्याचं मापक त्रेसष्ट सेंटिमीटर दाखवत होतं. रविवारी चौऱ्याहत्तर होतं.

स्वित्झर्लंडला समुद्र नाही. त्याच्या परदेशी व्यापाराचा सुमारे दहावा हिस्सा बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींतून, ऱ्हाइन नदीने बाझलला ये-जा करतो. वाटेत काउबपाशी नदी उथळ आहे. तिथल्या आकड्यावरून बार्ज किती भरायची, हे शैलेंद्र ठरवतो. बार्ज तिथे पोचायला दोन-अडीच दिवस लागतात. म्हणून पाणी उतरत असताना आजचा आकडा धरायचा नाही, पोचायच्या दिवसाचा अंदाज धरायचा, असा नियम. रविवारी बाझलच्या एका कारखान्याचा तिसऱ्यांदा फोन आला: आणखी वीस कंटेनर घ्या, नाहीतर बुधवारी उत्पादन थांबेल. शैलेंद्रने रविवारचा आकडा धरला आणि वीस कंटेनर चढवले.

काउबच्या थोडं अलीकडे असलेल्या कोब्लेंझहून बार्जचा कप्तान योप याचा फोन आला.

"तुझ्या एक्सेलमध्ये पाणी बरंच आहे रे. इथे खडक उघडे पडलेत."

"किती उतरवायचे?"

"वीसच्या वीस. आणि रिकामी बार्ज गुरुवारशिवाय मिळत नाही."

म्हणजे कारखाना थांबणार. शैलेंद्रने बाझलला कळवलं, मग घरी रायस्वाइकला फोन लावला. त्याचा करार ऑक्टोबरअखेर संपत होता. तो वाढला नाही, तर व्हिसाच्या नियमाने दुसरी नोकरी शोधायला तीन महिने. नाहीतर बायको आसावरी आणि मुलगी ईशानीसह पुण्याला परत.

"अहवालात अंदाज चुकला म्हणून लिही ना," आसावरी म्हणाली. "नदी काय तुझ्या बापाची आहे?"

"अंदाज चुकला नाही गं. आजच्यासाठी पासष्ट सांगितलं होतं अंदाज देणाऱ्यांनी. मीच धरलं नाही."

आसावरी म्हणाली, "ईशानीला आत्ताच काही सांगू नकोस."

त्याने घडलं तसं लिहिलं. मॅनेजर मार्लुसने दहा वाजता बोलावलं. ती चिडली नाही. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले आणि करार वाढणार नाही, हे त्याच सुरात सांगितलं.

उद्या सातची शिफ्ट शैलेंद्रचीच आहे. साडेआठला रूबेन नावाचा नवा माणूस त्याच्या शेजारी येऊन बसेल. त्याला काम शिकवायला दोन आठवडे धरले आहेत.