द्वीपकल्पाशी भांडण

आमच्या शेजारचे काका एका मेलेल्या माणसावर जितके चिडलेले आहेत, तितकं अख्ख्या नाशकात कुणी जिवंत शेजाऱ्यावरही चिडत नाही. हा मेलेला माणूस म्हणजे एक दर्यावर्दी. उत्तरेकडच्या कुठल्याशा गारठलेल्या समुद्रात त्याला एक द्वीपकल्प दिसलं आणि त्याने त्याला आपलंच नाव देऊन टाकलं. ते नाव मीही इथे लिहीत नाही. काका भिंतीपलीकडेच राहतात. "लांबून जहाजातून पाहिलं, पाय ठेवला नाही, आणि नाव ठोकून मोकळा! तिथं आधी माणसं राहत नव्हती? उद्या मी एसटीतून निफाड पाहिलं म्हणून निफाडला माझं नाव देणार का?" हे त्यांनी मला पाणी भरताना, भाजी घेताना, एकदा तर तेराव्याच्या पंगतीतही ऐकवलं आहे. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तेव्हा हेच नाव नकाशावर छडी टेकवून शांतपणे सांगायचे. संताप सुरू झाला तो लेक नोकरीसाठी नेमकी तिथेच गेली तेव्हापासून.

कॉलनीतल्या बाकावर कुणी स्वतःचं नाव रंगवलं की काका ते चमच्याने खरवडून काढतात. "लेक कुठे असते?" असं कुणी विचारलं की "वरती, डाव्या हाताला," एवढंच सांगतात. विचारणारा बिचारा हादरतो.

इथवर मला गंमत वाटायची. पण लेक बाळंत झाली, काकूंना गुडघ्यांमुळे जाता येईना, म्हणून त्यांनी डिंकाचे लाडू करून दिले. आणि या गृहस्थांनी पत्त्यात त्या जागेचं कुठूनसं शोधलेलं, दर्यावर्दीच्याही आधीचं नाव घातलं! डबा कुठे कुठे फिरून परत आला, लाडवांचा भुगा झालेला. माझा संताप संताप झाला. काकूंचा त्याहून.

"पोर परमुलखात बाळाला घेऊन बसलीय, अन् तुम्ही त्या मेल्याशी भांडत बसा!"



दुसऱ्या डब्याच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर कुरिअरच्या दुकानात गेलो. पत्ता लिहिता लिहिता ते नाव आलं, तसं पेन थांबलं. ओठ आवळले गेले. मग फळ्यावर लिहायचे तशा मोठ्या, सुवाच्य अक्षरांत त्यांनी ते नाव पुरतं लिहिलं.

"वर्गात सांगायचो, तीन बाजूंना पाणी, एक बाजू जमिनीला जोडलेली," ते म्हणाले. "पोरांना वाटायचं, म्हणजे चालत जाता येत असेल."

मला फार वाईट वाटलं. काउंटरवरच्या माणसाने डबा ओढला, तरी काकांचा हात त्यावर तसाच होता. शेवटी मीच तो हात बाजूला घेतला.