त्यांच्या नंबरावर आलेला आकडा

टॅब विकला तेव्हा मला माहेरी येऊन आठेक महिने झाले होते. पंचमीला म्हणून आले होते. पिशवीत दोन दिवसांचे कपडे, टॅब आणि त्याचा चार्जर. पंचमी झाली, न्यायला कोणी आलं नाही. पोळा झाला, दसरा झाला. भांडण असं काही झालं नव्हतं, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. चार वर्षांच्या संसारात शेवटी शेवटी आमचं बोलणं इतकं कमी झालं होतं की ते पूर्ण थांबलं तेव्हा दोघांनाही फारसा फरक पडला नसावा. आईनं सुरुवातीला रोज विचारलं, मग आठवड्यातून एकदा, मग सोडून दिलं. वडिलांनी काहीच विचारलं नाही. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावातली आमची पिठाची गिरणी मी बघायला लागले. पट्टा फिरायला लागला की कोणाला काही विचारायचं तर ओरडून विचारावं लागतं. ओरडून विचारण्यासारखं माझ्याबद्दल कोणाकडे नव्हतं.

टॅब नवऱ्यानंच दिला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी. ते हिंगोलीत ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. मला शिक्षक भरतीची परीक्षा द्यायची होती, तिच्या शिकवणीचे व्हिडिओ मोठे दिसावेत म्हणून त्यांनी तो आणला. पलंगावर बसून त्यांनीच तो सुरू केला, माझ्या नावाचं खातं काढलं, पासवर्ड टाकला, नंबर विचारला तिथं स्वतःचा नंबर घातला. मी शेजारी बसून लसूण सोलत होते. पासवर्ड काय ठेवला ते मी विचारलं नाही. परीक्षा दोनदा दिली, दोनदाही थोडक्यात राहिली.

तो का विकला हे मला आजही नीट सांगता येत नाही. आईचे डोळे दाखवायला आम्ही हिंगोलीला गेलो होतो आणि नंबर लागायला वेळ होता. दवाखान्यासमोर जुने मोबाइल घेणारं एक दुकान होतं. टॅब पिशवीत होताच. दुकानदारानं माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, गावाचं नाव लिहून घेतलं आणि बाजूची दोन बटणं एकदम दाबून टॅबमधलं सगळं पुसून टाकलं. आधी खात्यातून बाहेर पडायचं असतं हे त्याला सुचलं नाही, मला तर माहीतच नव्हतं. मी बाहेर आले तेव्हा आईचा नंबर पुकारत होते.

दुसरी पंचमी मी इथंच केली. त्यानंतर सोयाबीन निघून हरभऱ्याची पेरणी चालू असताना एके दिवशी दुपारी एक म्हातारा गिरणीत आला. लाईट गेलेली होती, दळणाचे डबे रांगेत तसेच होते आणि मी चाळण झाडत बसले होते. त्याच्या हातात डबा नव्हता म्हणून मी वर बघितलं. डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडी. साखरेच्या पिशवीतून त्यानं टॅब काढला. कोपऱ्यावर पडलेला टवका बघून मी तो लगेच ओळखला.

म्हाताऱ्यानं सगळं सावकाश सांगितलं. सेनगावच्या पलीकडे त्याचं गाव, घरी मेंढरं. टॅब त्यानं हिंगोलीच्या त्याच दुकानातून घेतला होता. घरी नेल्यावर तो पुढं जाईना, आधीच्या मालकाच्या खात्यानं उघडा असं म्हणत राहिला. दुकानात परत गेला तर दुकानदार म्हणाला, नांदेडला एकजण लॉक तोडून देतो पण मग सगळं बराबर चालेलच याची खात्री नाही, त्यापेक्षा जिचा आहे तिच्याकडे जा. आणि त्यानं वही काढून माझ्या गावाचं नाव वाचून दाखवलं.

मी म्हणाले, पासवर्ड मला माहीत नाही, कधीच नव्हता. म्हातारा उठला नाही. उंबऱ्यापाशी पोत्यावर बसून राहिला. मग म्हणाला, "माझी पोरगी मुकी हाय, बाई. ऐकूबी येत न्हाई तिला. हातानं बोलती. कनेरगाव नाक्याला देली. माझ्या फोनात तिचं तोंड दिसतं, पर हात दिसत न्हाईत. तिच्या मायला काहीच कळंना झालंय, नुसती रडून राहिली. म्हणून मोठं घेतलं."

ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. तेवढं कळलं, वाटलं काही नाही. मी हातावरचं पीठ झटकलं आणि माझा फोन घेतला.

खात्याचा पत्ता आठवत होता. फॉर्म भरताना तो कितीतरी वेळा लिहिला होता. माझं नाव, सासरचं आडनाव आणि लग्नाचं साल. पासवर्ड विसरलात का असं विचारलं तिथं व्हय म्हटलं. मग आलं की या नंबरावर आकडा पाठवतो. पुढचे सगळे ठिपके होते, फक्त शेवटचे दोन अंक दिसत होते. त्या दोन अंकांवरून बाकीचे आठ आपोआप डोळ्यांपुढं आले.

वडील गिरणीतल्या बाजेवर पडून होते. त्यांनी मान वळवून एकदा माझ्याकडे, एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा छताकडे बघत राहिले.

मी फोन लावला. सव्वा वर्षात पहिल्यांदा. तिसऱ्या घंटीला उचलला.

"बोल," ते म्हणाले. आवाजात आश्चर्य नव्हतं. रागही नव्हता.

"तुमच्या फोनवर एक आकडा येईल. तेवढा सांगा."

कशाचा, कशाला, त्यांनी काही विचारलं नाही. मागं लोखंडावर हातोडी पडत होती, कोणीतरी पाना मागत होतं. मी आकडा पाठवायला लावला. ते थांब म्हणाले आणि मग सहा अंक एकेक करून वाचले. घाईत मी एक चुकीचा दाबला. तो आकडा घेईना, नवा मागवावा लागला. नवा यायला वेळ लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं फोन धरून होतो.

"गिरणीतच हाइस का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आवाज येईना."

"लाईट गेलीय."

"हं."

मग दुसरा आकडा आला. त्यांनी वाचला, मी दाबला, या वेळी बरोबर लागला. मी म्हणाले, झालं. ते म्हणाले, बरं. फोन मी ठेवला. छातीत काही धडधडतंय का ते मी बघितलं. धडधडत नव्हतं. मी माठातलं पाणी प्याले आणि म्हाताऱ्यालाही दिलं.

नवा पासवर्ड टाकून टॅब उघडायला गेले तर त्यावर आलं की पासवर्ड नुकताच बदललेला आहे, चोवीस तासांनी या. मी ते वाचून दाखवलं. म्हाताऱ्यापुढं पेच पडला. टॅब परत नेला तर उद्या पुन्हा आणायचा, ठेवून गेला तर परक्या माणसाकडे ठेवायचा. शेवटी त्यानं तो पिशवीत गुंडाळून माझ्यासमोर ठेवला.

"उद्या येतो," तो म्हणाला. आणि चप्पल घालता घालता म्हणाला, "माझ्यापायी तुमाला तकलीफ झाली."

मी म्हणाले, कशाची तकलीफ, मामा.

संध्याकाळी पालेभाजी निवडताना आईनं विचारलं की फोन कोणाला लावला होता. वडिलांनी सांगितलं असावं. मी सांगितलं. ती काड्या खुडत राहिली. मग म्हणाली, काय म्हणले? मी म्हणाले, आकडा सांगितला. तिनं अजून काही विचारावं असं मला वाटलं असेल, पण तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारा बायकोला घेऊन आला. मेंढरं भावाकडे टाकून दोघं सकाळीच जीपनं निघाले होते आणि गिरणीसमोरच्या लिंबाखाली येऊन बसले होते. चोवीस तास भरेपर्यंत त्यांनी फडकं सोडून भाकरी खाल्ली. बाई बारीक, काळीसावळी, हातभर हिरव्या बांगड्या. ती माझ्याशी फार बोलली नाही, टॅबकडेच बघत होती.

या वेळी खातं उघडलं. टॅबनं विचारलं की आधीचं सगळं परत आणायचं का. खाली तारीख होती, शेवटचं कधी साठवून ठेवलं त्याची. पंचमीच्या आधीच्या दिवसाची. काय काय असेल त्यात? शिकवणीचे व्हिडिओ, काही फोटो, नवऱ्याच्या वाढदिवसाला मी केलेल्या शिऱ्याचा एक होता तेवढा आठवला. माझं बोट त्या पानावर जरा थांबलं. म्हातारीनं विचारलं, काहून थांबलं हे? मी 'नको'वर दाबलं. पुढं जाऊन माझं खातं त्यातून काढून टाकलं.

मग म्हाताऱ्याच्या नावानं नवं खातं काढलं. नंबर त्याचा घातला. आकडा त्याच्याच फोनवर आला आणि त्याला वाचता येत नव्हतं म्हणून फोन त्यानं माझ्यापुढं धरला. पासवर्ड काय ठेवू विचारल्यावर दोघांनी एकाच वेळी लेकीचं नाव सांगितलं. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आणि कोणीही शिकलेलं भेटलं तर त्याच्याकडून वाचून घ्या असं सांगितलं. म्हातारीनं कागद कमरेच्या पिशवीत ठेवला.

त्या दिवशीही गेलेली लाईट तेवढ्यात आली. वडील म्हणाले की डबे साठलेत, चालू कर. मी आधी व्हिडिओ कॉल लावून दिला, टॅब एका पोत्याला टेकवून उभा केला आणि मग गिरणी सुरू केली. पट्ट्याचा आवाज सगळीकडे भरला. मला वाटलं आता यांचं बोलणं व्हायचं नाही. मग लक्षात आलं की यांना त्याची गरजच नाही.

पडद्यावर एक पोरगी आली, कडेवर लेकरू. आईला बघून तिनं लेकरू खाली ठेवलं आणि दोन्ही हात मोकळे केले. मग दोघींचे हात चालायला लागले. म्हातारी पोत्यापुढं उकिडवी बसली होती, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. मधेच ती हसली, मधेच तिनं पोरीला रागावल्यासारखं बोट दाखवलं. मी जात्यात ज्वारी सोडत होते आणि बघत होते. दळणाला आलेल्या दोन बायकाही बघत राहिल्या.

एकदा पोरीनं माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. म्हातारीनं हातानं जातं फिरवल्यासारखं केलं. मग डोक्यावरून पदर घेतल्यासारखं करून बोटानं खाली इथलीच जमीन दाखवली. मी म्हाताऱ्याला ओरडून विचारलं, काय म्हणल्या? तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दळण दळती, असं सांगितलं." पदराचं काय ते त्यानं सांगितलं नाही.

जाताना त्यांनी मेंढीच्या लोकरीची एक आसनपट्टी दिली, घरी विणलेली. मी नको म्हणाले तरी ती बाजेवर ठेवून गेले. वडील अजून तीवर बसतात.

त्यानंतर नवऱ्याचा फोन आला नाही, मीही केला नाही. उन्हाळ्यात दोन्हीकडचे चार लोक बसले आणि फारकतीचे कागद करायचे ठरले. हिंगोलीला वकिलाकडे आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो होतो, मधे एक पिशवी होती. त्यांचे केस कानशिलापाशी पांढरे झाले होते. सही कुठं करायची ते वकील बोटानं दाखवत होते. त्यांनी केली, मी केली. बाहेर त्यांनी चहा विचारला. मी घेतला. आईचे डोळे कसे आहेत असं त्यांनी विचारलं, मी बरे आहेत म्हणाले. मग ते त्यांच्या गाडीकडे गेले.

मी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभी राहिले, आता तरी काही वाटेल म्हणून. ऊन फार होतं. गोरेगावची जीप लागलेली होती आणि ड्रायव्हर एकच सीट राहिली म्हणून ओरडत होता. मी जाऊन बसले.