बारतोंडीच्या मुळांचा लाल

नगरच्या प्रदर्शनात माझ्या लाल पडद्यांशेजारी लावलेल्या कार्डावरचा मजकूर खोटा होता. ‘कालव्याच्या पाण्यानं खारावलेल्या जमिनीत मेलेल्या झाडांच्या मुळांपासून’ असं मी लिहिलं होतं. ती झाडं मी मारली.

नव्वदच्या दशकात मी राहुरीजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. माणसानं जमिनीचं काय केलं ते मातीतल्याच रंगांनी कापडावर दाखवायचं, असं डोक्यात घेतलं होतं. रंगवायला शिकवलं गावातल्या एका म्हातारीनं. तिच्या माहेरी पूर्वी लुगडी रंगवायचे. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग तुरटीच्या, मग बारतोंडीच्या मुळांबरोबर उकळायचं. तिच्या बांधावर बारतोंडीची तीन झाडं होती. मुळं काढायची तिची रीत ठरलेली होती. एका वर्षी एकाच बाजूनं उकरायचं आणि माती परत दाबायची. रंग बारीक मुळांत असतो आणि झाडही त्यांच्यावरच जगतं.

मला सहा पडदे एकसारखे लाल हवे होते. उन्हाळ्यात ती पंधरा दिवस लेकीकडे संगमनेरला गेली. एकाच बाजूनं घ्या, एवढं मला बजावून गेली. मी दोन मजूर लावून तिन्ही झाडं चारी बाजूंनी उकरली. माती मात्र नीट दाबली, वर पालापाचोळा पसरला.

पावसाळा सरेपर्यंत झाडं वाळली. वरच्या शेतात तिच्या दिराचा ऊस होता, कालव्याचं पाणी सदा सोडलेलं. पाणी झिरपून बांध खारावला असेल का, असं तिनं मला विचारलं. मी म्हणालो, असेल. मग दिराच्या दारात उभी राहून ती नाही नाही ते बोलली. तो शपथा घेत राहिला. दोन्ही घरांचं जाणंयेणं तुटलं. दिवाळीआधी तो वारला, तर ती मातीलाही गेली नाही.

पुढं प्रदर्शन लागलं, तेव्हा मीच तिला कौतुकानं एसटीनं नगरला नेलं. लाल पडद्यांपाशी ती थांबली. कोपरा बोटांत चोळून पाहिला. मग कार्ड वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

ती बराच वेळ पडदे मोजल्यासारखी बघत राहिली.

“मुळी तर तुमी झाडं हिरवी असताना नेली, मास्तर,” ती म्हणाली. “एका बाजूला एवढी निघती व्हय?”

मी कार्डाचा वाकलेला कोपरा सरळ करू लागलो.

“मी दिराच्या मातीला गेले न्हाई. त्यो कागद तेवढा काढा.”

उद्या पाहुणे यायचेत, नंतर काढतो, असं मी म्हणालो. ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. परतताना एसटीत ती पुढं बसली, मी मागं. कार्ड शेवटच्या दिवसापर्यंत तिथंच होतं. लोकांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तीही आता नाही. तिनं कुणाला काही सांगितलं नसावं, कारण दिराचा मुलगा अजून तिथंच ऊस लावतो, आणि आपल्या बापानं चुलतीची झाडं मारली असंच समजतो. हे त्याला वाचून दाखवायला हवं. अजून गेलेलो नाही.