बेबीमावशीचा सेफ्टी डोअर

गेल्या वर्षी डिलाईल रोडच्या आमच्या टॉवरमध्ये बातमी फुटली, अकराव्या मजल्यावरच्या बेबीमावशीचा सेफ्टी डोअर चोरीला गेला. लिफ्ट खाली पोचेपर्यंत चोरही ठरला. शेजारच्या प्रितीचा सिद्धार्थ, दुसरं कोण? पंधरा वर्षांचा पोरगा, त्यात नुकताच चोरीच्या स्कूटरवर पकडलेला.

बातमी अर्धी खरी होती. दार सिद्धार्थनेच नेलं, पण मावशीच्या हुकमावरून, गच्चीवर.

त्या दाराचा मावशीला कोण तोरा! चाळ पडून टॉवर उठला, तेव्हा मजल्यावर पहिली नक्षीदार जाळी हिची. चाळीत हिचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. कुणाचं पोर शाळा बुडवून भटकतंय, हे त्याच्या आईआधी हिला कळायचं. आम्ही तिला सीआयडी म्हणायचो. टॉवरमध्ये येऊन सीआयडी रिटायर झाली. टीव्ही चालू, दार बंद.

मग सिद्धार्थ पकडला गेला. बाल न्याय मंडळापुढे मावशी प्रितीच्या सोबतीला गेली. तिथल्या मॅडमनी विचारलं, शाळा सुटल्यावर मुलाकडे कोण बघतं? प्रितीची हॉस्पिटलात रात्री नऊपर्यंत ड्युटी, नवरा केव्हाच सोडून गेलेला. लक्ष ठेवणारं कुणी नसेल तर मुलाला निरीक्षणगृहात ठेवावं लागेल, असं मॅडम म्हणाल्या, आणि मावशीच्या मनात आलं, दोन वर्षं हा पोरगा वीस पावलांवर राहतोय, आणि तो घरी कधी येतो, काय खातो, हे आपल्याला ठाऊक नाही?

"आहे ना," ती म्हणाली. "मी आहे."

घरी येऊन तिने सुतार बोलावून सेफ्टी डोअर उतरवायला लावला. जाळीतून पोर नुसतं दिसतं, आत येत नाही, म्हणाली.

तेव्हापासून लिफ्ट उघडली की समोर मावशी, आणि आत वाढलेलं ताट. सिद्धार्थ तिथेच जेवायचा, तिथेच तिचे टोमणे खात अभ्यासाला बसायचा. यंदा तो दहावी झाला. मंडळाच्या बाई भेटीला आल्या, तर मावशीने मार्कलिस्ट अशा ऐटीत पुढे केली, जणू पेपर हिनेच लिहिलेत. आता मजल्यावरची आणखी तीन दारं संध्याकाळी उघडी असतात. आमचं धरून.

सोसायटीचे सेक्रेटरी जगदीशराव मात्र परवा नियमावली घेऊन आले. उद्या या उघड्या दारातून खरंच चोर शिरला तर काय करणार, म्हणून त्यांनी तिला फैलावर घेतलं.

मावशी त्यांच्या कपात चहा ओतत म्हणाली, "जेवलास का, विचारीन. मागे एकाला विचारायचं राहून गेलं होतं."