भिवाची तात

ज्यांना भिवाच्या कामाची घाण वाटते त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. बकऱ्याचं आतडं धुवायचं, सुरीच्या बोथट बाजूनं खरवडून त्यातला चिकटा काढायचा, ओल्या पट्ट्या एकत्र पिळायच्या आणि दोन खुंट्यांमध्ये ताणून सुकवायच्या. सुकली की तिला तात म्हणतात. पिंजारी कापूस पिंजतो त्या धनुकलीची दोरी ती हीच. राजापूरपासून चिपळूणपर्यंतचे पिंजारी भिवाकडूनच तात न्यायचे. त्याची जात मी लिहीत नाही. आतडं हाताळणाऱ्याची जात आपल्याकडे न विचारता ठरलेली असते.

त्याचा बाप बुरोंडीहून रत्नागिरीत आला आणि खाडीच्या कडेला, वस्तीपासून लांब, त्यानं पत्र्याची शेड घातली. लांब घातली कारण जवळ कुणी घालू दिली नसती. भिवाची बायको कमळा पीळ द्यायला बसायची. पीळ कमी पडला तर तात सुटते, जास्त झाला तर तुटते. ते गणित तिच्या बोटात होतं. भिवा म्हणायचा, "माज्यापेक्षा तिची तात बरी, पण पिंजाऱ्यांना सांगू नका, ते मला इचारायचे नायत."

पंच्याऐंशीच्या श्रावणात सरकारी कचेरीतले जागेचे साहेब पाहणीला आले. आता कोकणातल्या पावसात तात सुकत नाही, कुजते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भिवा ते चार महिने खुंट्या काढून ठेवायचा, शेड झाडायचा आणि दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवायला जायचा. साहेबांना ते कोण सांगणार? त्यांनी स्वच्छ, रिकामी शेड बघितली आणि कागदावर लिहिलं: धंदा बंद. जागा सरकारला हवी होती. ज्याचा पिढीजात धंदा चालू आहे त्याला दुसरी जागा मिळणार होती, बाकीच्यांनी चालतं व्हायचं. लोकांचे अर्ज लिहून देणं माझं काम; पावसानंतर पुन्हा पाहणी करा म्हणून भिवासाठी मी सात अर्ज केले, पण पाहणी एकदाच होते म्हणे. शेवटी सुनावणीला फेब्रुवारीतला एक सोमवार मिळाला. धंदा चालू असल्याची चांगल्या माणसाची साक्ष आणा, असं सांगितलं गेलं. पिंजाऱ्यांची साक्ष चालेना, कारण ते फिरस्ते; माझी चालेना, कारण अर्ज लिहिणारा मीच. चांगला माणूस म्हणजे ज्याच्या घराला नंबर असतो तो.

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात हॉलंडचे पाच वादक मुंबईहून मोटारीनं गोव्याला निघाले होते. वाटेत शनिवारी संध्याकाळी रत्नागिरीत त्यांचा कार्यक्रम ठरला, एका देवस्थानाच्या सभागृहात. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं तिकडचं संगीत ते त्याच काळच्या घडणीच्या वाद्यांवर वाजवत. एक लाकडी बासरी, एक फुगीर पोटाचं, तंबोऱ्याच्या आतेभावासारखं ल्यूट, आणि गुडघ्यात धरून गजानं वाजवायची तीन वाद्यं, त्यांना ते व्हायोल म्हणत. या व्हायोलच्या सगळ्या तारा आतड्याच्या. सतारीला पितळेचे पडदे असतात तिथं यांच्या गळ्यात आतड्याचे दोरे बांधलेले. समुद्राची हवा लागली आणि तारा सैल पडायला लागल्या. मोठ्या व्हायोलची जाड तार तुटली. जादा तारा मुंबईतच संपल्या होत्या.

कॉलेजातले हरिश्चंद्र सर दुभाषे होते. ते माझ्याकडे धावत आले, कारण कुठल्या गल्लीत काय मिळतं ते मला विचारतात. मी सरांना आणि मोठ्या व्हायोलवालीला, तिचं नाव आनेके, सरळ भिवाच्या शेडीत नेलं. वासानं सरांनी रुमाल लावला. आनेकेनं नाही लावला.

भिवानं जाड ताती काढल्या. एक घेतली, दोन्ही हातांत ताणून धरली आणि कमळाला म्हणाला, "छेड गो." तिनं बोटानं छेडली. तात थरथरली आणि हवेत दोन स्वच्छ रेषा दिसल्या. दुसरी छेडली, तिच्या रेषा विस्कटल्या. ती भिवानं बाजूला टाकली. ज्या तातीच्या दोन रेषा दिसतात ती सगळीकडून सारखी, असं त्याचं शास्त्र.

आनेके काहीतरी पुटपुटली. सर म्हणाले, "तिच्याकडेही तार अशीच बघतात म्हणते. तिच्या गुरूनं शिकवलंय."

"मंग तिचा गुरू बी आतडीवालाच आसंल," भिवा म्हणाला. कमळा तोंडाला पदर लावून हसली. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

त्यानं तीन ताती काचपेपरनं घासून गुळगुळीत करून दिल्या. तार चढली, स्वर धरून राहिली. मग मी माझा डाव सांगितला. शनिवारी जागेचे साहेब पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसणार होते. आनेकेनं मंचावरून एवढंच सांगायचं की ही तार याच गावात, याच माणसानं केली आहे. याहून चांगला माणूस साहेबांना कुठून मिळणार? आनेके आनंदानं हो म्हणाली.

शनिवारी भिवा धुतलेला सदरा घालून आला. दारात लवू नावाचा स्वयंसेवक उभा होता.

"भिवा, तू मागच्या अंगणात बस. आवाज येतो तिथं."

"बसतो की," भिवा म्हणाला आणि वळलासुद्धा.

माझं डोकं फिरलं. "लवू, आत जे वाजणार आहे ते याच्या हातचं आहे. मागं कुठं पाठवतोस त्याला?"

मी ओरडलो नसेन, पण माझा आवाज मुळातच मोठा. देवस्थानाचे विश्वस्त आप्पा साहेबांना घेऊन आत निघाले होते, ते थांबले. "याच्या हातचं म्हणजे काय?"

आप्पांना भिवाचा धंदा ठाऊक होता. सगळ्या गावाला होता.

"माघाचा उत्सव चालू आहे," आप्पा म्हणाले. "आतड्याची वस्तू असेल तर ती इथं वाजणार नाही. कार्यक्रम रद्द करीन, पाहुणे असोत नाहीतर कोणी असोत."

पाहुण्यांच्या सगळ्या तारा आतड्याच्या होत्या, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. देवळातल्या मृदंगाच्या तोंडावर काय ताणलेलं असतं तेही मी बोलणार होतो. पण आप्पांनी मला विचारलंच नाही. "भिवा, तू सांग. कसली तार दिलीस?"

आत अडीच-तीनशे माणसं बसलेली. बाजूच्या दारात आनेके वाद्य धरून उभी, तिला यातलं अक्षर कळत नव्हतं. ती भिवाकडे बघून ओळखीचं हसली. साहेब कान देऊन सगळं ऐकत होते.

भिवा म्हणाला, "रेशमाची हाय आप्पा. आतड्याचं काय आता करीत नाय मी."

आप्पांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग असं सांग ना मेल्या. चल, पुढं बस." आणि त्यांनी स्वतः भिवाला पहिल्या रांगेत सतरंजीवर नेऊन बसवलं, साहेबांच्या शेजारी. त्या सभागृहाचा उंबरा त्याच्या बापाला कधी ओलांडता आला नव्हता. सरांनी आनेकेच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तिनं मंचावरून तारेबद्दलचं ते वाक्य गाळलं.

वाजलं सुंदर, असं लोक म्हणाले. मी ऐकलं नाही. मी भिवाकडे बघत होतो. मोठ्या व्हायोलचा खर्ज निघाला की त्याचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप पीळ दिल्यासारखं फिरायचं.

सोमवारी कचेरीत साहेबांनी आवाजही चढवला नाही. "भिवा, परवा तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, आतड्याचं काम बंद केलं."

"तवा खोटं बोललो साहेब. आतड्याचीच व्हती."

"देवाच्या दारात खोटं बोललात आणि इथं खरं बोलताय?"

मी आप्पांना साक्षीला आणतो म्हणालो, तर साहेब म्हणाले, आणा. कसली साक्ष आणणार? आप्पा रेशमाचीच देणार. हरिश्चंद्र सर म्हणाले, मला देवस्थानाशी वाईटपणा नको. आनेके गोव्याला पोचली होती. तिचा पत्ता मिळवून मी पत्र टाकलं, पण निकाल त्याच दुपारी लिहून झाला होता: धंदा बंद असल्याचे अर्जदाराने स्वतः कबूल केले.

एप्रिलात शेड पाडली. कमळा दिवसभर खुंट्या गोळा करत होती, त्या पुन्हा रोवायला जागा नाही हे ठाऊक असून. भिवा आता बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. गारठ्यानं त्याची बोटं आखडली आहेत. नव्या ताती करायच्या म्हटलं तरी आता पीळ देता येणार नाही.

मे महिन्यात मी त्याला रस्त्यात गाठलं आणि विचारलं, "का बोललास रे तसं? साहेब समोर उभा होता. तुला ठाऊक होतं."

तो चालता चालता थांबला. "ती बाई लांबून आलेली. तीनशे माणूस बसलेलं. माज्यापायी बंद पाडू?" मग म्हणाला, "मी मागच्या अंगणात बसत व्हतो. तुमी दारात बोललात म्हणून आप्पांनी इचारलं."

मी म्हणालो, तुला मानानं आत न्यायचं होतं.

"नेलात की," तो म्हणाला, आणि कारखान्याच्या फाटकात शिरला.