पॅनिक, जंगलातल्या देवाचं

पुण्याच्या कारखान्यात लिफ्टमध्ये माझा श्वास कोंडला, तेव्हा सुपरवायझर म्हणाले, "पॅनिक होतोस. गावी जा परत." आठवीत शाळा सुटलेल्या मला तो शब्द कळेना. मेसवाल्या ताईंनी मोबाइलवर शोधून सांगितलं, त्यांचे उपकारच. ग्रीकांचा पॅन नावाचा जंगलातला देव होता. त्याच्या आवाजानं कळप उधळायचे, त्या भीतीचं हे नाव. पुढे ते गर्दीच्या घबराटीला लागलं, आता एकट्याच्या धडधडीला.

मला हसू आलं. आमच्या अहेरीकडे मोहफुलं वेचायला जाताना वाटेवरच्या देवापाशी डहाळी ठेवतात आणि मगच जंगलात शिरतात.

"ताई, जंगलातल्या देवाले भिऊन आम्ही घरी नाई बसत. मग मी काऊन परत जाऊ?"

सकाळी सुपरवायझरांनाही सांगितलं, "छाती धडधडू द्या साहेब, मी गावी परत जाऊन नाई राह्यलो."