करावे गावातली दोन दारांची खोली

इथले गूढ अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचते. खरं सांगायचं तर बहुतेक वाचून मी मनातल्या मनात लिहिणाऱ्याला दोन प्रश्न विचारते - वायरिंग तपासलं होतं का, आणि झोप नीट झाली होती का. मी विज्ञानाची शिक्षिका आहे. चिपळूणला माहेर, चिपळूणलाच सासर. देवळात जाते, नारळ फोडते, पण त्यापुढे माझी मजल नाही. तेव्हा हे मी लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

आमच्या शाळेला ज्युनिअर कॉलेज जोडलं गेलं आणि तिथे रसायनशास्त्र शिकवायला एम.एस्सी. हवी असं ठरलं. माझी नुसती बी.एस्सी., बी.एड. वय सत्तेचाळीस. संस्थेने दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली आणि स्पष्ट सांगितलं - यात झालं तर झालं, पुन्हा रजा मिळणार नाही. खारघरच्या एका कॉलेजात प्रवेश मिळाला. आमच्या ह्यांचं चिपळूणला हार्डवेअरचं दुकान आहे, ते सोडून येणं शक्य नव्हतं. म्हणजे मी एकटीच नवी मुंबईत.

कॉलेजचा नियम कडक. प्रॅक्टिकलला नऊ वाजता लॅबचं दार बंद. तीन प्रॅक्टिकल बुडाली की टर्म गेली. त्यामुळे राहायचं कुठे हा प्रश्न माझ्यासाठी अभ्यासाइतकाच महत्त्वाचा होता.

वर्गातल्या बाहेरगावच्या मुली मेट्रो स्टेशनला चिकटून असलेल्या टॉवरमध्ये चौघी-चौघी मिळून राहायच्या. मला ते परवडणारं नव्हतं, आणि चार मुलींनाही मी परवडले नसते. मग मी सकाळच्या वेळेला स्वतः फिरून पाहिलं. पेंधरच्या बाजूला खोल्या स्वस्त, पण मेट्रो अडली तर दुसरी सोय नाही. उलव्याला नवीन इमारती, पण गाडी चुकली की पुढची कधी, ते विचारू नका. माझं तत्त्व सोपं होतं - एकाच वाहनाच्या भरवशावर राहायचं नाही. घर असं हवं की एक वाट बंद पडली तर दुसरी हाताशी.

अशी जागा सापडली सीवूड्सजवळ करावे गावात. हिरामावशींची खालची खोली. पुढचं दार गावातल्या गल्लीत उघडायचं, तिथून चालत सीवूड्स स्टेशन, एक स्टेशन गाडीने बेलापूर आणि पुढे मेट्रो. मागचं दार खाडीच्या अंगाला. तिथून पाम बीच रोडचा बसस्टॉप आणि थेट खारघरची बस. मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं.

फक्त एक अडचण होती. खोली लहान. टेबल ठेवायचं तर मागच्या दाराला लावूनच. बसने जायचं असेल तर गल्लीला वळसा घालता येईल, असा माझा हिशेब.

"मागचं दार बंद केलं तर चालेल का?" मी विचारलं.

हिरामावशी साठीच्या पुढच्या. खोल्या भाड्याने दिलेल्या, तरी रोज सकाळी स्कूटरवर कोलंबी घेऊन बेलापूरच्या बाजारात जायच्या. कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हेच.

"त्ये मी कशी सांगू? कौल लावायला लागंल."

"टेबलासाठी कौल?"

"टेबलासाठी नाय गो बाय, दारासाठी. सासूनं ठेवलेली दारं हायत. मी पन काय बंद करत नाय इचारल्याशिवाय."

कौल आमच्या कोकणातही लावतात. देवीच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाण्याने चिकटवलेली कळी कधी तरी पडणारच, कुठली आधी पडेल ते ओलाव्यावर - असं मी आठवीच्या वर्गाला सांगत आले. मावशी गावदेवीला जाऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "डावा दिला. दोनी दारं मोकली ठेवायची."

टेबल खोलीच्या मधोमध आलं. पुढची दोन वर्षं माझी मांडी त्याच्या कोपऱ्यावर आपटत राहिली.

पहिल्यांदा झालं ते थंडीत. मी रोजच्यासारखी पुढच्या दाराने निघाले तर कडी सरकेना. ओढली, हलवली, तेल घातलं. हूं की चूं नाही. वेळ जात होता, म्हणून वैतागून मागच्या दाराने बाहेर पडले आणि बस पकडली. लॅबमध्ये जेमतेम निम्मा वर्ग. गाड्या सकाळपासून खोळंबल्या होत्या. संध्याकाळी येऊन बघते तर पुढची कडी एका बोटाने सरकली.

मला काहीही वाटलं नाही. थंडीने लाकूड आक्रसलं असेल.

दुसऱ्या वेळी उलटं. काचेचं सामान न्यायचं होतं, म्हणून बसने जायचं ठरवलं, आणि मागची कडी घट्ट. चरफडत स्टेशन गाठलं. त्या दिवशी उरण फाट्याला न्हावा शेव्याकडे निघालेला एक ट्रेलर आडवा झाला होता. बसने येणारे सगळे दुपारी उगवले. ऋतुजा नावाची माझी लॅब-पार्टनर, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली, "काकू, तुम्हाला बरोब्बर कसं कळतं हो? कुठलं अ‍ॅप आहे?"

"कडी," मी म्हटलं. तिला तो विनोद वाटला.

ह्यांना फोनवर सांगितलं तर हे हसले. "अगं, दुकानदाराची बायको ना तू? जुन्या कड्या अडकतातच. येतो मी."

आले. दुकानातल्या दोन कोऱ्या कड्या, स्क्रू, ड्रिल, सगळं घेऊन. दोन्ही दारांच्या कड्या बदलल्या, पट्ट्या लावल्या, बिजागऱ्यांत तेल घातलं आणि शंभरदा सरकवून दाखवल्या. "लोण्यासारख्या. आता अडकल्या तर दुकान बंद करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढची अडकली. ह्यांच्या हातात.

"दमट हवा आहे," हे म्हणाले.

"स्टीलला?"

"तू जा गं. तुझा क्लास आहे. मी बघतो हिच्याकडे."

मी मागून गेले. दुपारी ह्यांचा फोन. आवाज जरा वेगळा. "तू बसमध्ये चढलीस म्हणून मेसेज केलास ना... तेव्हा मी पाना शोधत होतो. सहज हात लावला तर सरकली." मग, "गाड्या चालू आहेत का तिकडे?"

नव्हत्या.

दुकान अर्थात बंद झालं नाही.

एवढं होऊनही मी हट्टी. आपण माणसं योगायोग तेवढे लक्षात ठेवतो, बाकीचे दिवस विसरतो, हे मी जन्मभर शिकवलंय. पुढच्या खेपेला पुढची कडी अडकली तेव्हा मी ठरवलं, आज प्रयोग करू. सरळ खलबत्त्याचा बत्ता घेतला आणि कडी हाणून उघडली. विजयी मुद्रेने स्टेशनवर गेले. फलाटावर उभी राहिले. उभीच राहिले. गाडी आली नाही, बाहेर पडून रिक्षा बघितली तर तिला शंभर माणसं लोंबकळायला तयार. लॅबचं दार बंद झालेलं.

आधी तापात एक प्रॅक्टिकल बुडालं होतं. हे दुसरं. आता एकही चूक चालणार नव्हती.

हिरामावशी कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांना सांगितलं तर हात न थांबवता म्हणाल्या, "देवाच्या दाराला बत्ता हानलास?"

"देवाचं कुठे, तुमचं दार आहे."

"मंग माज्या दाराला हानलास. त्ये अजून वाईट."

मी विचारलं, आधीच्या भाडेकरूंना कधी असं झालं होतं का? सासूबाईंच्या वेळी? "कंदी नाय. पन त्यांना कुटं टायमावर जायाचं होतं?" मग ही देवी आहे का, असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात पुस्तक विसरून येणाऱ्यांकडे बघते. "देवीला काय तुज्या कड्या सरकवायची नोकरी हाय? मला नाय म्हाईत. तू फकस्त हानू नको."

त्यानंतर मी हाणली नाही. जी उघडेल ती माझी वाट. वेळेवर पोचत राहिले. वर्गातल्या गाडीने-बसने येणाऱ्या मुली मला विचारून निघायला लागल्या. ऋतुजा रोज सकाळी मेसेज करायची - "काकू, आज पुढचं की मागचं?"

आणि मग शेवटच्या प्रॅक्टिकल परीक्षेचा दिवस. बाहेरचे परीक्षक येणार. उशीर झाला तर पुन्हा परीक्षा नाही, म्हणजे वर्ष गेलं, रजा गेली, ज्युनिअर कॉलेजची जागाही गेली. मी लवकरच आवरलं, डबा भरला आणि पुढच्या दाराशी गेले. अडकलेलं. ठीक आहे. मागच्या दाराशी गेले.

तेही अडकलेलं.

मी खोलीच्या मधोमध, त्या टेबलाला धरून उभी राहिले. भीती नाही वाटली... राग आला. दोन वर्षं मांडी आपटून घेतली ती यासाठी? मोठ्याने म्हटलं, "हे बघा, न जाणं हा पर्याय नाहीये." कुणाला म्हटलं, ते विचारू नका. कड्या ढिम्म. बत्त्याकडे नजर गेली, पण उचलला नाही. दोन्ही बंद म्हणजे गाडीही नाही आणि बसही नाही, एवढंच. घरी बस असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

मोरीच्या खिडकीला गज नव्हते. तिथून हाक मारली. मावशी स्कूटरला कोलंबीचं टोपलं बांधत होत्या.

"मावशी, दोन्ही अडकली!"

त्या खिडकीखाली आल्या. नजरेनेच खिडकीचं माप घेतलं. "मंग खिडकीतनं ये."

"मी? या खिडकीतून?"

"कौल दारांचा होता. खिडकीचं कोन काय बोललाय?"

पन्नाशीला टेकलेली बाई, पंजाबी ड्रेस, खांद्याला अ‍ॅप्रनची पिशवी, मोरीच्या खिडकीतून बाहेर. अर्धी आत अर्धी बाहेर असताना मावशींनी दोन्ही काखांत हात घालून मला ओढलं, जाळं ओढतात तसं. "भात कमी खा," एवढं म्हणाल्या. टोपलं माझ्या मांडीवर दिलं आणि स्कूटर काढली. मोठा रस्ता सोडून सेक्टरांच्या आतल्या गल्ल्यांतून, स्पीडब्रेकरला जराही मान न देता, बेलापूरच्या मेट्रो स्टेशनशी आणून सोडलं. वाटेत एका चौकातून दिसलं - उरण फाट्यापासूनची वाहनांची रांग बेलापूरपर्यंत येऊन थांबलेली. आणि स्टेशनच्या जिन्यावर लोक फोन कानाला लावून - गाड्या बंद. वरून मेट्रो मात्र निवांत चालली होती.

"पास हो," मावशी म्हणाल्या आणि बाजाराकडे वळल्या.

दार बंद व्हायच्या आधी मी लॅबमध्ये होते. माझ्यासह मोजकीच मुलं, बहुतेक टॉवरवाली. परीक्षक माझ्या टेबलाशी येऊन थांबले, नाक आक्रसलं. "कसला वास येतोय?"

"कोलंबी, सर. माझाच."

त्यांनी माझं टायट्रेशन पाहिलं, रीडिंग पाहिलं आणि म्हणाले, "वास सोडला तर सगळं उत्तम आहे." वर्गात प्रॅक्टिकलला पहिली आले. ऋतुजा दुसरी. ती आदल्या रात्री मैत्रिणीकडे टॉवरमध्ये झोपली होती, कारण मी म्हटलं होतं, महत्त्वाच्या दिवशी माझ्या कडीवरही विसंबू नकोस.

त्या संध्याकाळी परत आले, खिडकीतूनच आत शिरले, तर दोन्ही दारांच्या कड्या सहज सरकत होत्या. खोली सोडताना ह्यांनी दोन्ही काढून नेल्या, दुकानात तपासल्या. दोष नाही. त्या आता काउंटरमागे खिळ्याला टांगलेल्या आहेत. गिऱ्हाईकाने विचारलं तर "विकायच्या नाहीत" म्हणतात. कारण सांगत नाहीत.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मागच्या महिन्यात मावशींचा फोन आला होता. नवीन भाडेकरू, शिकणारीच मुलगी, तिला मागच्या दाराला पलंग लावायचाय. त्या विचारत होत्या, काय सांगू?

"कौल लावा," मी म्हटलं. "आणि खिडकीला गज बसवू नका."

गाडी बंद पडणार हे दाराच्या कडीला आधी कसं कळतं, याचे सगळे मार्ग मी तपासले. लाकूड, हवा, गाड्यांची कंपनं, योगायोगाचं गणित - एकही पुरत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे अजूनही नाही.

पदवी आहे.